क्लिपबोर्ड, संगणकीय
क्लिपबोर्ड : संगणकाच्या पडद्यावरील एका खिडकीतून निवडलेला मजकूर, चित्र किंवा अन्य सामग्री दुसऱ्या ठिकाणी नेण्यासाठी योजलेली तात्पुरती व्यवस्था. हस्तलिखिताचे तुकडे कात्रीने कापून डिंकाने दुसरीकडे डकविण्याच्या संपादकांच्या जुन्या पद्धतीवरून ‘कापणे’ व ‘चिकटविणे’ या संज्ञा आल्या. झेरॉक्स कंपनीच्या पॅलो अल्टो येथील संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर व टिम मॉट यांनी १९७४-७५ च्या सुमारास जिप्सी या संपादन प्रणालीत त्या वापरल्या. ॲपलच्या लिसा (१९८३) व मॅकिंटॉश (१९८४) या संगणकांमुळे त्यांचा प्रसार झाला.

क्लिपबोर्ड म्हणजे सामग्री ठेवण्याची पेटी, अशी सर्वसाधारण समजूत असते. युनिक्स धर्तीच्या संगणकांवरील एक्स विंडो प्रणालीत (अकरावी आवृत्ती, १९८७) ती खरी ठरत नाही. नक्कल करण्याची आज्ञा मिळताच कार्यक्रम निवडीवरील आपली मालकी तेवढी सर्व्हरला कळवितो. मजकूर त्याच्याजवळच राहतो. चिकटविण्याच्या वेळी दुसरा कार्यक्रम सर्व्हरमार्फत मालकाकडे मागणी करतो. सामग्री कोणकोणत्या रूपांत मिळू शकेल, हे त्याला आधी विचारता येते. मालक मागितलेले रूप मागणाऱ्याच्या खिडकीला जोडून ठेवतो व तसे कळवितो. सामग्री फार मोठी असल्यास ती तुकड्यातुकड्यांनी पाठविली जाते. माउसने नुसत्या निवडलेल्या व आज्ञा देऊन नक्कल केलेल्या मजकुरांसाठी येथे दोन स्वतंत्र निवडी असतात. नवख्यांचा गोंधळ बहुधा यामुळेच होतो.

जीटीके या साधनसंचाच्या दुसऱ्या आवृत्तीत (२००२) हा व्यवहार झाकणारी सोय आली. साधा मजकूर असल्यास तो थेट सुपूर्द करता येतो. मोठ्या चित्रासाठी मात्र दोन उपकार्यक्रम नोंदविणे हिताचे असते : मागणी आल्यावर सामग्री पुरविणारा एक आणि मालकी गेल्यावर स्मृती मोकळी करणारा दुसरा. त्यामुळे कोणी मागितलेच नाही, तर चित्राचे रूपांतर करण्याचे श्रम वाचतात. वाचताना उत्तर येईपर्यंत थांबणारी कार्ये सोपी वाटतात, पण ती फसवी आहेत. थांबलेल्या काळात इतर घटना हाताळल्या जातच असल्याने वापरणारा तीच खिडकी बंदही करू शकतो. चौथ्या आवृत्तीत (२०२०) ही कार्ये वगळण्यात आली. तेथे मागणी नोंदवून पुढे जावे लागते व उत्तर मागाहून येते.

मालक कार्यक्रम बंद झाला की त्याच्याबरोबर सामग्रीही नाहीशी होते. हे टाळण्यासाठी क्लिपबोर्ड व्यवस्थापक नावाचा वेगळा कार्यक्रम ती आधीच आपल्याकडे घेतो. तो चालू नसल्यास हानी अटळ असते.

देवनागरीच्या दृष्टीने रूपाचा प्रश्न महत्त्वाचा आहे. एक्सच्या मूळ संकेतांतील साधा मजकूर लॅटिन-१ या संचापुरता मर्यादित असल्याने त्यात मराठी अक्षरे मावतच नाहीत. यूटीएफ-८ रूप देणे व मागणे आवश्यक ठरते. त्यात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. ‘क्षि’ हे एक अक्षर ४ चिन्हांचे, म्हणजे १२ बाइटांचे होते. बाइट मोजून मजकूर तोडणारा कार्यक्रम अक्षर मध्येच मोडतो.

एक्समध्ये पडद्याशी जोडलेला कोणताही कार्यक्रम क्लिपबोर्डवरील सामग्री मागू शकतो. नक्कल केलेला परवलीचा शब्दही त्यास अपवाद नाही. २००८ मध्ये आरंभ झालेल्या वेलंड या संकेतप्रणालीच्या मूळ नियमांनुसार, कळफलक ज्या कार्यक्रमाच्या ताब्यात असेल त्यालाच ही सामग्री देऊ केली जाते.