कूलरमध्ये पाणी भरण्यापूर्वी

उन्हाळा लागला की विदर्भात घरोघरी कूलर बाहेर निघतात. ताट्या बदलतात, पंप साफ होतो. आणि मग कुठल्या तरी गावाहून बातमी येते: कूलरमध्ये पाणी भरताना शॉक लागून मृत्यू. कधी त्यात लहान मूल असतं, कधी त्याला ओढायला धावलेली आईसुद्धा. हे मृत्यू टळू शकतात, म्हणून जरा खोलात जाऊ.

कूलरचा पंप पाण्यात बुडालेला असतो. आठ-नऊ महिने पडून राहिलेल्या वायरचं आवरण तडकतं, जोडावरची टेप सुटते आणि करंट पत्र्यात उतरतो. कूलर मात्र हवा देतच राहतो. पाणी भरणारा माणूस अनवाणी, फरशी ओली. ओल्या अंगाचा रोध हजार-दीड हजार ओहमपर्यंत उतरतो. म्हणजे 230 व्होल्टला अंगातून 150 ते 230 मिलिअँपिअर करंट जातो. हृदयाची लय बिघडवायला तो पुरेसा आहे. बोर्डावरच्या 16 अँपिअरच्या एमसीबीला मात्र त्याचा पत्ताही लागत नाही. 100 वॅटचा जुना पिवळा बल्ब याच्या जवळजवळ दुप्पट करंट घेतो!

एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो. माणूस वाचवतो तो आरसीसीबी. फेजने गेलेला सगळा करंट न्यूट्रलने परत आला का, एवढंच तो पाहतो, आणि 30 मिलिअँपिअरची तूट दिसली की निमिषात पुरवठा तोडतो. घरात तो नसेल तर या उन्हाळ्याआधी बसवून घ्या. असेल तर त्यावरचं 'टी' लिहिलेलं बटण अधूनमधून दाबून पाहा; खटका पडला नाही तर तो बदला.

दुसरी गोष्ट अर्थिंगची. थ्री-पिन प्लगची जाड, लांब पिन कूलरच्या पत्र्याला जोडलेली हवी, आणि बोर्डातल्या तिसऱ्या भोकामागे खरंच अर्थिंगची वायर हवी. अनेक जुन्या घरांत ते भोक नुसतंच असतं. वायरमनकडून तपासून घ्या. कूलर लाकडी स्टँडवर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. अर्थिंग नसेल तर पत्र्यातला करंट जमिनीत जायला तुमच्याच अंगाची वाट उरते.

हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर 'थोडा करंट मारतो' म्हणून चालवून घेऊ नका. तो कूलर त्याच क्षणी बंद. पाणी भरताना नुसतं बटण बंद करून भागत नाही. वायरिंग उलटं असेल तर बटणाने न्यूट्रल तुटतो आणि फेज आत तसाच राहतो. प्लगच काढा.

कोणी चिकटलंच तर त्याला हात लावू नका. आधी मेन स्विच पाडा; ते जमत नसेल तर कोरड्या जागी उभं राहून कोरड्या लाकडी काठीने त्याला दूर ढकला. श्वास थांबला असेल तर 108 ला फोन लावून छातीच्या मधोमध मिनिटाला 100 ते 120 च्या गतीने जोरात दाब देत राहा, मदत येईपर्यंत.