ठिपक्यांना शेजार बाधतो

जॉर्ज स्यूराचे सीन नदीकाठचे चित्र पाहून एका वाचकाने विचारले आहे : ठिपक्यांनी रंगवले की रंग डोळ्यांत मिसळतात आणि अधिक तेजस्वी दिसतात, हे खरे का? अर्धेच खरे.

निळा-पिवळा पॅलेटवर कालवला की हिरवा होतो, कारण दोन्ही रंगद्रव्ये आपापल्या वाटणीचा प्रकाश गिळतात. त्यांचेच बारीक ठिपके शेजारी ठेवून लांबून पाहा : दिसतो तो राखाडीकडे झुकणारा रंग. इथे प्रकाशाची सरासरी होते. कालवलेल्या रंगापेक्षा ती उजळ असते, पण मूळ ठिपक्यांपैकी अधिक उजळ असलेल्यावर मात करत नाही. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ ऑग्डेन रूडचे १८७९चे पुस्तक स्यूराने वाचले होते, तेव्हा हे त्याला ठाऊक असणार.

मग झळाळी येते कुठून? माझ्या मते निम्म्याहून अधिक श्रेय मिशेल शेव्हरल या रसायनशास्त्रज्ञाचे. (चरबीतली आम्ले वेगळी काढणारा आणि १०२ वर्षे जगलेला तो हाच!) १८२४ मध्ये तो पॅरिसच्या गोब्लाँ या भित्तिपट विणणाऱ्या कारखान्यात रंगाईचा प्रमुख झाला. तिथे तक्रार होती की निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या सावल्या विणायला वापरलेली काळी लोकर फिकी दिसते. त्याने ती इतर ठिकाणच्या काळ्या लोकरीशी ताडून पाहिली. रंगात खोट निघाली नाही, काळ्याला निळ्याचा शेजार बाधत होता! प्रत्येक रंग शेजाऱ्यावर आपल्या विरोधी रंगाची छटा चढवतो, हा नियम त्याने १८३९ मध्ये ग्रंथरूपाने मांडला.

स्यूराचे ते नदीकाठचे, म्हणजे ‘ला ग्रांद जात’ बेटावरच्या रविवारचे, सुमारे दोन बाय तीन मीटरचे चित्र आज शिकागोत आहे. त्यातल्या आकृत्यांच्या कडा नीट पाहा : गडद आकृतीला लागून असलेली पार्श्वभूमी मुद्दाम उजळलेली आहे. नंतर स्यूराने चित्राभोवती ठिपक्यांची किनारही रंगवली. डोळ्यांतल्या मिश्रणापेक्षा हा विरोधाचा हिशेब त्याने काटेकोर सांभाळला आहे.

घात केला तो रसायनाने. स्यूराने वापरलेला झिंक यलो, म्हणजे जस्ताचा क्रोमेट, काही वर्षांतच तपकिरी पडू लागला. समीक्षक फेलिक्स फेनेओं याने १८९२ मध्येच रंग उतरल्याची नोंद केली. पिवळा मळला की शेव्हरलच्या नियमाने त्याच्या शेजाऱ्यांचाही तोल जातो. त्यामुळे आज शिकागोत दिसते ते ऊन १८८६ च्या पहिल्या प्रेक्षकांनी पाहिलेल्या उन्हापेक्षा मंद आहे.