रोजच्या पद्मिनीला इंजिन कोणतं?

जुनी गाडी, रोजचा रस्ता : भाग ६

मागच्या भागात पत्रा, गंज आणि वेल्डिंग आटोपलं. आता बॉनेट उघडू. उदाहरण तेच पुढे चालवतो: प्रीमियर पद्मिनी, रोज ऑफिसला न्यायची आणि अधूनमधून घाट चढवायची.

पद्मिनीच्या मालकाचा पहिला प्रश्न ठरलेला: मारुतीचं इंजिन बसेल का? बसतं. पण कोणत्या मारुतीचं? पद्मिनीचं इंजिन गाडीच्या लांबीत बसतं, त्यामागे गिअरबॉक्स, मग प्रोपेलर शाफ्ट, आणि जोर मागच्या चाकांना. एस्टीम किंवा स्विफ्टचं इंजिन आडवं असतं आणि पुढची चाकं ओढतं, त्यामुळे त्याचा गिअरबॉक्स इथे निरुपयोगी. म्हणून जाणते फिटर जिप्सीचं १२९८ सीसीचं इंजिन शोधतात, कारण ते लांबीतच बसतं. ते मिळालं तरी माउंटिंग नवी, ऑइल चेंबर क्रॉस मेंबरला लागतं का ते पाहणं, शाफ्टची लांबी कमीजास्त करणं, सायलेन्सरचा पाइप नव्याने वाकवणं, आणि इंजेक्शनवालं असेल तर वायरिंग, सेन्सर आणि टाकीतला पंप. एवढं करून हाती काय येतं? मूळ इंजिनापेक्षा कितीतरी जास्त ताकद, आणि ती थांबवायला तेच चार ड्रम ब्रेक.

दुसरा पर्याय घरातला. प्रीमियरच्याच ११८ एनईमध्ये निसानचं ११७१ सीसी इंजिन होतं, डॅटसन १२०० मधलं. कमी कटकटीचं, कमी खाणारं, मागच्या चाकांसाठीच बनलेलं. अदलाबदल करायचीच असेल तर माझं मत यालाच. पण ११८ एनई मुळात रस्त्यावर किती उरल्यात? आज इंजिन मिळेल. उद्या त्याचा वॉटर पंप कुठून आणणार? डिझेल पद्मिनीही निघाली होती, १३७ डी. तिच्याबद्दल एवढंच सांगतो की ती शांत गाडी नव्हती.

आता कायद्याचं. मोटर वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, आरसीवरचे तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलांशी जुळेनासे होतील असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच बजावलं. त्याच मेकचं, त्याच प्रकारचं इंजिन बदलून आरटीओत नोंद करून घेणं वेगळं, आणि पद्मिनीत जिप्सीचं टाकणं वेगळं. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पुनर्नोंदणी येते. तेव्हा नंबरावर कागद धरून पेन्सिल घासतात आणि उमटलेला ठसा आरसीशी ताडतात. अपघात झाला तर विमा कंपनीही हाच नंबर आधी पाहते. गाडीची पन्नाशी उलटली असेल तर कुणीतरी ‘व्हीए’ मालिकेतली व्हिंटेज नोंदणी सुचवेल. रोजच्या गाडीला ती नको. २०२१ च्या त्या नियमांत अशी गाडी नियमित वापरायला मनाईच आहे.

म्हणून माझा कौल मूळ १०८९ सीसीला, नीट बांधलेल्या. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींनी याच इंजिनावर, पुढे सीएनजीवरही, पिढ्या काढल्या. शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ पासून बंद झाली. सुट्या भागांचा बाजार टॅक्सीवाल्यांच्या जिवावर चालायचा, हे विसरू नका. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा पुण्यात नाना पेठेत जे मिळतंय ते आत्ताच घेऊन ठेवा: पिस्टन-रिंगचा सेट, हेड गॅस्केट, वॉटर पंप, डिस्ट्रिब्युटरची कॅप.

‘इंजिन खोलावं लागेल’ असं मेकॅनिक म्हणाला की लगेच मान डोलवू नका. आधी कॉम्प्रेशन मोजायला सांगा. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, आणि सेल्फ मारायचा. समजा तीन सिलिंडर १२० च्या आसपास आले आणि एक ८० वर अडकला. त्या एकात प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंग किंवा बोअर गेलाय. जागचा हलला नाही तर दोष वर आहे, व्हॉल्व्हमध्ये किंवा हेड गॅस्केटमध्ये, आणि हेड उतरवून काम भागतं. सुरू इंजिनाचं ऑइलचं झाकण काढल्यावर धूर भकाभका आला, म्हणजे बॅक कॉम्प्रेशन असलं, तर मात्र बोअर मारून ओव्हरसाइज पिस्टन घालायची तयारी ठेवा. लेथवाल्याकडे ब्लॉकआधी पिस्टन पोचले पाहिजेत. हातात आलेला पिस्टन मोजून बोअर मारतात. उलट क्रमाने केलेलं काम रडवतं.

शहरात इंजिनाचा खरा वैरी सिग्नल. पद्मिनीचा पंखा पट्ट्यावर फिरतो, त्यामुळे गाडी उभी असताना, म्हणजे हवेची सर्वांत जास्त गरज असताना, तो सर्वांत हळू फिरतो. इलाज म्हणजे थर्मोस्विचवर चालणारा इलेक्ट्रिक पंखा. पण जुन्या फियाटला डायनामो असेल तर तो आयडलिंगला चार्जच करत नाही, पंखा बॅटरी पिऊन टाकतो. आधी अल्टरनेटर, मग पंखा. रेडिएटर उघडून गज मारून घेतलेला असावा, हे सांगायला नकोच. डिस्ट्रिब्युटरच्या पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं की दर काही महिन्यांनी पॉइंटची फट लावत बसायचं कामही संपतं. हे सगळं करूनही बाहेरून गाडी पद्मिनीच राहते, आणि इंजिनाचा नंबरही तोच.

राहिलं पेट्रोल. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते जुन्या रबराला फुगवतं, ओलावा धरतं, आणि कार्बोरेटरच्या जुन्या सेटिंगवर मिश्रण पातळ पडतं. पेट्रोलचे पाइप, पंपाचा डायफ्राम आणि कार्बोरेटरचं किट इथेनॉल सोसणारं घ्या, आणि मेन जेट एक नंबर मोठा लावून प्लगचा रंग पाहा: फिकट तपकिरी हवा, पांढराफटक नको. मेमध्ये घाटात व्हेपर लॉक होऊन गाडी बंद पडली तर पंपावर ओलं फडकं टाकण्याचा जुना उपाय अजूनही चालतो. मात्र पाइप एक्झॉस्टपासून लांब नेऊन त्याला आवरण घातलं की फडक्याची वेळ सहसा येत नाही.

पुढच्या भागात ब्रेक.