स्वखुशीची मोजणी: टीआरपीच्या मीटरपासून मोबाइलपर्यंत

ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी टीआरपी घोटाळ्याचा आरोप जाहीर केला, तेव्हा सगळी चर्चा वाहिन्यांच्या भांडणाची झाली. मोजणीचा मुद्दा बाजूलाच राहिला. कोणती वाहिनी किती पाहिली जाते याची ही टीआरपी मोजणी 'बार्क' ही संस्था करते. ती निवडक घरांतल्या टीव्हीला त्या घरांच्या संमतीने मीटर लावते. वाहिनीच्या आवाजात कानाला न जाणवणारी एक खूण मिसळलेली असते, ती मीटर ओळखतो. ही घरे कोणती, हे गुप्त ठेवायचे असते. आरोप असा होता, की त्यातली काही घरे हुडकून, पैसे देऊन, ठरावीक वाहिनी लावून ठेवायला सांगितले गेले. पुढे सरकारने हा खटला मागे घेतला, पण दरम्यान बार्कने वृत्तवाहिन्यांचे स्वतंत्र आकडे देणे थांबवले होते. ते मार्च २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाले.

आता अशा मोजणीबद्दलचा पहिला गैरसमज बघा.

'गोपनीयता सांभाळत बसले की मोजणी कच्ची राहते.'

घर कोणाचे ते कळले, की ते घर विकत घेता येते, दबावाखाली आणता येते किंवा आपल्यावर नजर आहे म्हणून ते बातम्यांऐवजी कीर्तन लावते. म्हणजे गुप्तता ही मोजल्या जाणाऱ्यावर केलेली मेहेरबानी नव्हे. मोजणी खरी यावी म्हणून ती लागतेच. मोबाइलचा वापर मोजताना तर जास्तच, कारण टीव्ही दिवाणखान्यात असतो आणि मोबाइल पांघरुणात.

'त्यापेक्षा सरळ विचारावे. माणूस सांगेल की मोबाइल किती वेळ बघतो ते.'

सांगेल, पण चुकीचे. लोकांनी सांगितलेला वेळ आणि उपकरणाने नोंदवलेला वेळ यांची तुलना करणाऱ्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२१ मध्ये 'नेचर ह्यूमन बिहेवियर' या नियतकालिकात आला. दोन्हींचा मेळ जेमतेमच बसतो, असे त्यात दिसले. यात खोटेपणा असतोच असे नाही. दिवसातून पन्नासदा उचललेल्या वस्तूचा हिशेब डोक्यात राहत नाही, एवढेच.

'मोजले म्हणजे कुठेतरी पाठवलेच.'

ही दोन वेगळी कामे आहेत. तासांची बेरीज फोनच्या आतच करता येते. चांगला अभ्यास कच्ची नोंद फोनबाहेर काढतच नाही. आठवड्याची बेरीज तेवढी मागतो आणि पाठवण्याआधी ती तुम्हाला दाखवतो.

'नाव काढून टाकले की माहिती निनावी होते.'

ऑगस्ट २००६ मध्ये अमेरिकेतल्या एओएल कंपनीने संशोधकांच्या सोयीसाठी सुमारे साडेसहा लाख ग्राहकांचे इंटरनेटवरचे शोध जाहीर केले. नावांच्या जागी क्रमांक होते. 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या वार्ताहरांनी काही दिवसांतच एका क्रमांकामागची वृद्ध महिला शोधून तिचे दार वाजवले. तिने शोधलेली गावे, आडनावे आणि दुखणी, यांनी काम भागले. २०१३ मध्ये पंधरा लाख मोबाइलधारकांच्या नोंदी तपासल्या गेल्या. माणूस कधी कुठे होता याचे फक्त चार ठिपके मिळाले, तरी ९५ टक्के लोक गर्दीतून वेगळे ओळखू येत होते. रात्री दोनला भजन, अडीचला शेअर बाजार आणि पाचला नातवाचा व्हिडिओ कॉल, असा क्रम गावात आणखी किती जणांचा असेल?

'मग माहिती झाकायचीच, तर ती गोळा तरी कशाला करायची?'

याला १९६५ मध्ये स्टॅनले वॉर्नर या संशोधकाने सुंदर उत्तर दिले. त्याचे सोपे रूप असे. हजार जणांना विचारायचे: काल मध्यरात्रीनंतर रील्स पाहिल्या का? प्रत्येकाने आपल्यापुरते नाणे उडवायचे. छापा आला तर खरे सांगायचे. काटा आला तर काहीही असो, 'हो' म्हणायचे. समजा ७०० 'हो' आले. त्यातले साधारण ५०० काट्याचे. उरलेल्या पाचशेत २०० खरे 'हो', म्हणजे प्रमाण ४० टक्के. पण तुमच्या शेजाऱ्याचा 'हो' खरा की काट्याचा, हे विचारणाऱ्याला कधीच कळणार नाही. ('नाही' म्हणणारा मात्र उघडा पडतो, पण त्याला लाजायचे काय कारण?) याच जातीची युक्ती गुगलने २०१४ पासून क्रोममध्ये वापरली आणि ॲपलने २०१६ पासून, कोणते इमोजी जास्त चालतात ते पाहायला. मर्यादाही सांगायला हवी: माणसे पुष्कळ असतील तरच हिशेब जमतो. चाळीस मुलांच्या वर्गात नाण्याचा लहरीपणाच हाती लागेल.

'स्वखुशीने दिली ना परवानगी, मग तक्रार कसली?'

फेसबुकने २०१६ पासून एक 'संशोधन' ॲप चालवले. १३ ते ३५ वयाच्या लोकांना महिन्याला २० डॉलरपर्यंत मोबदला, आणि बदल्यात फोनवरच्या माहितीची जवळपास सगळी ये-जा कंपनीला दिसणार. जानेवारी २०१९ मध्ये हे उजेडात आले. परवानगी घेतलेली होती. तेरा वर्षांच्या पोराला तिचा अर्थ कळला होता का, हा प्रश्न. आपल्याकडच्या २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यानुसार संमती मोकळी, नेमक्या कामापुरती आणि समजून दिलेली हवी, आणि देणे जितके सोपे तितकेच मागे घेणेही. अठराखालच्यांसाठी पालकांची पडताळलेली संमती लागते.

'कंपनी गोपनीयतेचे नाव घेते, म्हणजे ती आपल्याच बाजूची.'

न्यूयॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी एक छोटी जोडणी बनवली होती. स्वयंसेवक ती ब्राउझरमध्ये बसवत आणि आपल्याला दिसलेल्या राजकीय जाहिराती संशोधकांना कळवत. ऑगस्ट २०२१ मध्ये फेसबुकने या संशोधकांची खातीच बंद केली. कारण दिले लोकांच्या गोपनीयतेचे, आणि आधार घेतला अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी झालेल्या समझोत्याचा. आयोगाने जाहीर पत्र लिहून कळवले, की लोकहिताच्या प्रामाणिक संशोधनाला हा समझोता आडकाठी करत नाही.