मोठे टायर, कमी ॲव्हरेज : दोष कोणाचा?



गळीत हंगामात ऊस वाहतुकीचे ट्रक रात्रंदिवस धावतात. अशा वेळी ट्रकमालक सभासदांची एक तक्रार हमखास ऐकू येते : "मोठे टायर घातले अन् ॲव्हरेज पडलं." मग डिझेल कुठं मुरतंय म्हणून ड्रायव्हरवर संशय येतो, आणि चांगला माणूस ऐन हंगामात गाडी सोडून जातो. म्हणून यातला हिशेब आम्ही येथे मांडत आहोत.

ट्रकचे मीटर रस्ता मोजत नाही. ते फेरे मोजते आणि मूळ टायरच्या मापाने त्यांचे किलोमीटर करते. ९.००-२० मापाचा नवा टायर सुमारे १०२ सें.मी. उंच असतो, तर १०.००-२० चा सुमारे १०५.५ सें.मी. म्हणजे मोठ्या टायरच्या एका फेऱ्यात गाडी साधारण साडेतीन टक्के जास्त पुढे जाते. मीटरला हे कळत नाही.

समजा, मीटरवर ४०० कि.मी. पडले आणि डिझेल १०० लिटर लागले. कागदावर ॲव्हरेज ४ आले. पण गाडी प्रत्यक्षात सुमारे ४१४ कि.मी. धावली, म्हणजे खरे ॲव्हरेज ४.१४! जुन्या टायरवर ४.१ पडत असेल, तर गाडीने जादा डिझेल खाल्लेलेच नाही.

मग मोठ्या टायरने बचत होते का? सपाट हमरस्त्यावर त्याच वेगाला इंजिनाचे फेरे कमी होतात, त्यामुळे थोडी होऊ शकते. पण चढावर, किंवा शेतातून भरली गाडी काढताना, ओढ कमी पडते. खालचा गिअर टाकावा लागतो आणि वाचलेले डिझेल तिथेच जाते. शिवाय मीटरवर ६० दिसते तेव्हा गाडी ६२ ने पळत असते. वेग वाढला की वाऱ्याचा अडथळा वाढतो, अन् डिझेलही.

तेव्हा टायरचे माप बदलले की एवढे करा. हमरस्त्यावरच्या किलोमीटरच्या दगडांप्रमाणे २० कि.मी. गाडी चालवून मीटरचा फरक काढा. टाकी काठोकाठ भरून निघा, परत तशीच भरा आणि लागलेले लिटर वहीत लिहा. टायर थंड असताना हवा तपासा. कमी हवेचा टायर डिझेल खातो. मागच्या जोडचाकात एक लहान, एक मोठा टायर कधीही घालू नका. मोठ्यावर जास्त भार येतो आणि लहान घासून झिजतो.

एवढे करूनही फरक राहिला, तर मग ड्रायव्हरला विचारा. आधी नको.