शरदाचीं पहिलीं चिन्हें व रब्बीची पेर

पंचांगांत शरद ऋतु आश्विनापासून मोजितात. परंतु शिवारांत तो त्याआधींच, भाद्रपदाच्या उत्तरार्धांत, पाऊल टाकूं लागतो. सोलापूर व अहिल्यानगर हे जिल्हे आणि पुणें जिल्ह्याचा पूर्वभाग या पर्जन्यछायेंतील मुलखांत हीं पहिलीं चिन्हें ओळखतां येणें हा केवळ कौतुकाचा विषय नव्हे. तेथील मुख्य धान्य रब्बी ज्वारी, आणि ती बहुतांशीं पावसाळ्यानें जमिनींत ठेवलेल्या ओलीवरच वाढते. ती ओल कोणत्या दिवसांपासून वेगानें उडूं लागणार, हें या चिन्हांवरून कळतें.

सर्वांत आधीं बदलतो तो वारा. आषाढ-श्रावणांत पश्चिमेकडून एकसारखा वाहणारा वारा मंद होतो, कांहीं दिवस त्याची दिशा ठरत नाहीं, आणि पुढें तो पूर्वेकडून व ईशान्येकडून येऊं लागतो. भूमीवरून आलेली ही हवा कोरडी असते. ढगांचेंही रूप पालटतें. दिवसभर आकाश झांकणारे थर जाऊन सकाळ निरभ्र, दुपारीं कापसाच्या राशीसारखे उभे ढग, व तिसऱ्या प्रहरीं गडगडाटासह एखादी सर, असा क्रम लागतो. हा पाऊस एका शिवारांत पडतो व शेजारच्या शिवारांत पडत नाहीं. म्हणून शेजारच्या गांवच्या पावसावर आपल्या पेरीचा दिवस ठरवूं नये.

दुसरें चिन्ह दंव. रात्रीं आकाश मोकळें असल्यानें जमिनीची उष्णता वर निघून जाते, गवताचीं पातीं गार होतात, आणि ओल्या मातीलगतच्या हवेंतील बाष्प त्यांवर थेंब होऊन बसतें. पहांटे बांधावरचीं कोळ्यांचीं जाळीं मोत्यांनीं भरल्यासारखीं दिसतात. हें दंव पाहून रानांत ओल मुबलक आहे, असें पुष्कळांस वाटतें. ओल असते हें खरें. परंतु ज्या मोकळ्या आकाशामुळें रात्रीं दंव पडतें, त्याच आकाशांतून दिवसा कडक ऊन येतें व मातींतील पाणी उडवून नेतें. पानावरचें दंव मुळांस पोंचत नाहीं. दंव दिसूं लागलें कीं जमिनीचा जमाखर्च खर्चाच्या बाजूस झुकला, असेंच समजावें.

इतर चिन्हें मनोहर आहेत, पण पेरीच्या कामीं दुय्यम. ओढ्याकाठीं काशाला पांढरे तुरे येतात; डोंगरउतारावर तेरडा व सोनकी फुलते; चतुरांचे थवे शेतांवर तरंगतात; धोबी पक्षी उत्तरेकडून येऊन पाणवठ्यावर शेपूट हालवूं लागतो, व पावसाबरोबर आलेला चातक निघून जातो. पहांटे दक्षिणेस अगस्तीचा तारा ठळक दिसतो. यांपैकीं गवताकडे मात्र दुर्लक्ष करूं नये. मारवेल व पवन्या फुलोऱ्यांत असतांना कापल्यास वैरण पौष्टिक मिळते. बीं झडून काडी पिवळी पडल्यावर कापलेली गंजी मोठी दिसते, पण तींतील कस गेलेला असतो.

आतां काळाचा हिशेब. अधिक मासामुळें चांद्र महिने ऋतूच्या मानानें मागेंपुढें सरकतात. म्हणून आपले वाडवडील पेरीसाठीं तिथि न पाहतां सूर्याचें नक्षत्र पाहत, आणि तें योग्यच होतें. उत्तरा सुमारें १३ सप्टेंबरला, हस्त २७ सप्टेंबरच्या सुमारास व चित्रा १० ऑक्टोबरच्या सुमारास लागतें. तथापि नक्षत्र दिवस सांगतें, पावसाची हमी देत नाहीं. हवामान खात्यानें २०२० सालीं मोसमी पावसाच्या सर्वसाधारण तारखा सुधारल्या, तेव्हां वायव्य राजस्थानांतून परतीचा आरंभ १ सप्टेंबरऐवजीं १७ सप्टेंबर, आणि मुंबईहून माघार २९ सप्टेंबरऐवजीं ८ ऑक्टोबर, अशी नोंद झाली. अर्थात् सरासरी परतीचा पाऊस पूर्वीपेक्षां उशीरां जातो.

यावरून 'हत्तीचा पाऊस पडूं दे, मग पेरूं' असें म्हणून थांबण्याचा मोह होतो. आमच्या मतें हलक्या जमिनीच्या धन्यानें या मोहास बळी पडूं नये. उथळ रानांत पाणी सांठविण्यास जागाच थोडी. तेथें वाफसा मिळतांच, सप्टेंबरांतच, पेर उरकावी, व फुले अनुराधासारखा त्या जमिनीस योग्य वाण घ्यावा. भारी काळ्या रानास थोडी सवड आहे. तेथें फुले वसुधा किंवा मोहोळास निवड पद्धतीनें काढलेली जुनी मालदांडी ३५-१ ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरतां येते. त्यानंतर पेरलेल्या ज्वारीचें कणीस भरण्याच्या वेळींच ओल संपते, व कडब्यावर समाधान मानावें लागतें.

वाफसा पाहण्यासाठीं चार बोटें खालची माती मुठींत दाबावी. गोळा होऊन खालीं टाकतांच फुटली तर पाभर धरावी. बोटांस चिकटली तर एक-दोन दिवस थांबावें. एकरीं चार किलो बियाणें व दोन ओळींत अठरा इंच अंतर पुरतें. दाट पेरलेलें रान दिवाळीपर्यंत हिरवेंगार दिसतें, पण तींच दाट ताटें पुढें एकमेकांचें पाणी पितात.

पेर झाल्यावरही ओलीची राखण संपत नाहीं. काळी जमीन वाळतांना भेगाळते, आणि त्या भेगांतून खोलवरचें पाणी उडतें. म्हणून तिसऱ्या आठवड्यांत फटीच्या कोळप्यानें, पांचव्यांत पासेच्या व आठव्यांत दातेरी कोळप्यानें कोळपणी करावी. शेवटच्या पाळीस तण नसलें तरी ती टाळूं नये. तिचें खरें काम भेगा बुजविण्याचें आहे.