सुई तीनशेची, वाट हजारांची

हल्ली तालुक्याच्या गावातूनही कुणाची लेक नैरोबीला असते, कुणाचा मुलगा लागोसला. बाळंतपण ठरलं की आईनं जायचं, हे ओघानंच आलं. पासपोर्ट, व्हिसा, डिंकाचे लाडू, सगळ्याची यादी होते. यादीत राहून जाते ती पिवळ्या तापाची लस.

२०२३ मध्ये मी लेकीकडे केनियाला जायला निघाले, तेव्हा हा व्याप जवळून पाहिला. ही लस नेहमीच्या दवाखान्यात मिळत नाही. केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या ठराविक केंद्रांवरच ती टोचतात आणि तिथलंच पिवळं कार्ड विमानतळावर चालतं. आमच्या जिल्ह्यात असं केंद्र नव्हतं. एका बाटलीत अनेकांचे डोस असतात आणि उघडलेली बाटली काही तासांतच संपवावी लागते. म्हणून पुरेशी माणसं जमतील असे वार ठरवतात आणि नाव आधी नोंदवावं लागतं.

मुंबईच्या सरकारी केंद्रात माझ्याकडून घेतले ३०० रुपये. पण घरचे एकटीला सोडेनात, म्हणून मुलगा रजा काढून बरोबर आला. दोघांची रात्रीची बस, राहणं, खाणं धरून खर्च तीन हजारांवर गेला. सुई स्वस्त, वाट महाग!

हे जिल्ह्यात जमणारच नाही, असंही नाही. शेजारच्या भाभी हज कमिटीतर्फे हजला गेल्या, तेव्हा मेंदूज्वराची लस त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणीच मिळाली, तीही मोफत. मग महिन्यातून एक दिवस जिल्हा रुग्णालयात आमचीही सोय का होऊ नये? शुल्क खुशाल घ्या. बाईमाणसाची सोबत शोधायची धावपळ तरी वाचेल.

तोवर मैत्रिणींनो, एवढं लक्षात ठेवा. लस टोचल्यावर १० दिवसांनी कार्ड लागू होतं, तेव्हा तिकिटाची तारीख त्या हिशेबानं काढा. ११ जुलै २०१६ पासून हे कार्ड आयुष्यभर चालतं, जुनं असेल तर जपून ठेवा. साठी ओलांडली असेल, अंड्याची अ‍ॅलर्जी किंवा मोठं आजारपण असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा. आणि कार्डाशिवाय अशा देशातून परतलात, तर इकडे सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. नातवाचे फोटो कधी दाखवते असं झालेलं असताना ते कुणाला परवडणार?